सातासमुद्रापलीकडची शिदोरी

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हाती घरचे कोणी फडक्यात भाकरी, चटणी, कांदा बांधून देते, तिला आपण शिदोरी म्हणतो. ती पोटापुरती असते, पण केवळ पोटासाठी नसते. वाटेत गाठ सोडताना घरच्या हाताची आठवण यावी, हाही तिचा हेतू असतो. हाच माणूस शिपाई होऊन समुद्रापलीकडे लढायला गेला, तर त्याच्यामागून शिदोरी कशी जाते? ती कोण बांधते, कोणाला पोचते आणि कोणाला पोचत नाही? या प्रश्नांचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि कामगार संघटनेच्या कचेरीत पुढे चालू राहिले. हिशेबाची वही तपासण्याची मात्र आम्हांला सवय आहे. त्याच सवयीने हा विषय आम्ही वाचला.

आरंभी एक घरगुती आठवण सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आमचे वय बारा वर्षांचे होते. वडील गिरणीत होते. दोन-तीन महिन्यांत चाळीतल्या डब्यांचे तळ दिसू लागले. मग एके दिवशी सातारकडून एस. टी. ने ज्वारीचे एक पोते आले, आणि त्याच्या तोंडाशी शेंगांची एक छोटी पिशवी, आम्हां मुलांसाठी. आईचे डोळे भरून आले. वडिलांनी पोते आत घेतले आणि आम्हांला म्हणाले, "पोरा, ही गावाची माया. हा पगार नव्हे. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवायचा." त्या वेळी या बोलण्याचा अर्थ नीटसा उमगला नाही. पुढे चाळीस वर्षे संघटनेचे काम करताना तो अनेकदा उमगला, आणि सैनिकांच्या शिदोरीचा इतिहास वाचताना तर पानोपानी आठवला.

आता १९१४ सालाकडे जाऊ. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सप्टेंबरअखेर हिंदी फौजेची पहिली तुकडी फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात उतरली. अंगावर सुती गणवेश आणि पुढे युरोपातला हिवाळा. अशा वेळी लंडनमध्ये 'इंडियन सोल्जर्स फंड' नावाचा निधी उभा राहिला. त्याने लोकरीचे मोजे, गळपट्टे, कानटोप्या, मिठाई, सिगारेटी आणि मसाले खंदकांत धाडले. शिखांसाठी कंगवे आणि कडी, मुसलमानांसाठी कुराणाच्या प्रती, अशाही वस्तू त्यात होत्या. परक्या माणसाला काही पाठवावयाचे, तर त्याची चव आणि त्याचा धर्म आधी विचारावा, एवढी समज या कामात दिसते, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाची सतरा वर्षांची कन्या प्रिन्सेस मेरी हिच्या नावाने दुसरा एक निधी निघाला. नाताळात प्रत्येक सैनिकाला आणि खलाशाला एक भेट द्यावयाची, असा संकल्प होता. भेट म्हणजे पितळेची सुबक पेटी, झाकणावर राजकन्येची छबी, आत तंबाखू, सिगारेटी आणि शुभेच्छांचे कार्ड. लोकांनी एक लाख साठ हजारांवर पौंड दिले. नाताळच्या दिवसापर्यंत साडेतीन लाखांहून अधिक पेट्या वाटल्या गेल्या आणि सारे वाटप संपेपर्यंत हा आकडा पंचवीस लाखांपलीकडे गेला. पेट्यांसाठी अमेरिकेतून पितळ मागवावे लागले. त्यातले काही १९१५ च्या मे महिन्यात 'लुसिटानिया' जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशी गेले.

या पेटीची वाटणी कशी ठरली होती, ते लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. गुरख्यांना गोऱ्या सैनिकांसारखीच भेट. शीख तंबाखू ओढीत नाहीत, म्हणून त्यांच्या पेटीत खडीसाखर आणि सोबत मसाल्याचा डबा. इतर हिंदी शिपायांना पेटी, सिगारेटी, खडीसाखर आणि मसाल्याचा डबा. आणि पलटणीबरोबरचे बिनलढाऊ नोकर? त्या सर्वांना 'भिस्ती' या एकाच नावाखाली घातले होते. त्यांना मसाल्याचा टिनचा डबा आणि कार्ड. पितळेची पेटी नाही.

आमच्यासारख्या माणसाची नजर या ओळीवर अडकते. भिस्ती म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. त्याच्याबरोबर मेहतर आला, धोबी आला, स्वयंपाकी आला, खेचरे हाकणारा आला, जखमींची डोली उचलणारा आला. गोळा येऊन पडतो तेव्हा तो बंदूकवाला आणि पखालवाला असा भेद करीत नाही. शिपायाला त्या वेळी महिना ११ रुपये पगार होता आणि या नोकरांना त्याहूनही कमी. पगाराच्या पत्रकात जी उतरंड होती, तीच मायेच्या पेटीतही उतरली. देणाऱ्यांच्या मनात काही दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. यादी करणाऱ्याने जुनी यादी पुढे ठेवून नवी यादी केली, इतकेच. अन्याय पुष्कळदा असाच घडतो.

फ्रान्स आपल्या मानाने दूर. पण त्याच काळात दुसरी एक मोहीम थेट आपल्या दारातून निघाली होती. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, फौज निघाली. तिचे नावच मुळी 'सहावी पुणे डिव्हिजन'. पुढे तीत ११७ वी, ११० वी आणि १०३ री अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे या भागांतले हे जवान. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. त्यावरून अशा गावांनी काय सोसले असेल, त्याचा अंदाज येईल.

मुंबईत युद्धनिधी सुरू झाला. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने त्याची स्त्रियांची शाखा निघाली. निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रियांनी सदरे शिवले, पट्ट्या गुंडाळल्या, गाठोडी बांधली. ज्या बंदरातून बोटी जात, त्याच बंदरात जखमींना घेऊन परतत. त्यामुळे युद्ध म्हणजे वर्तमानपत्रातली गोष्ट, असे मुंबईला म्हणता येत नव्हते.

पण बसऱ्याच्या पलीकडे काय चालले होते? १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनची लढाई झाली. जखमींसाठी पुरेशा रुग्णनौका नव्हत्या. त्यांना नदीतल्या मालवाहू बोटींवर, उघड्या पडावांवर, एकमेकांना चिकटून झोपवून आणण्यात आले. कित्येकांच्या जखमांवरची पट्टी अनेक दिवस बदललेली नव्हती. 'वरेला' या रुग्णनौकेवरचे डॉक्टर मेजर कार्टर यांनी अशी एक बोट बसऱ्याच्या धक्क्याला येताना पाहिली आणि जे पाहिले त्याची लेखी तक्रार केली. वरिष्ठांनी त्यांना अटकेची आणि जागेवरून काढण्याची धमकी दिली. ते डॉक्टर गप्प बसले नाहीत.

इकडे माघारी आलेली पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा या गावात कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपत आले. घोड्याचे मांस होते, पण बहुतेक हिंदी शिपायांनी ते खाण्यास नकार दिला. रोजचे पीठ कमी कमी होत गेले, भाजीपाला तर नव्हताच. ताज्या भाज्या-फळांच्या अभावी हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा उकलतात, असा स्कर्व्ही नावाचा रोग फैलावला. १९१६ च्या एप्रिलात विमानांतून धान्याची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. वेढ्यात सापडलेल्या फौजेला आकाशमार्गे अन्न पुरविण्याचा जगातला हा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. पीठ, साखर, मीठ आले. धान्य दळण्यासाठी जात्याचे दगडसुद्धा वरून उतरवले गेले. पण त्या काळची विमाने ती केवढी! पंधरवडाभरात काही टन माल आला. काही पोती तैग्रिस नदीत पडली, काही शत्रूच्या खंदकात. २९ एप्रिलला फौज शरण गेली. कैद झालेल्या सुमारे तेरा हजारांत साडेतीन हजारांच्या आसपास बिनलढाऊ नोकर होते. पुढे वाळवंटातून पायपीट आणि तुर्की रेल्वेच्या बांधकामावरची मजुरी त्यांच्या वाट्याला आली. त्यांतले हजारो घरी परतले नाहीत.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. मुंबईच्या स्त्रियांनी शिवलेले सदरे खोटे होते काय? मुळीच नाही. त्या सदऱ्याने एखाद्या जखमीची एक रात्र निश्चित उबदार झाली असेल. पण ज्या फौजेला भाजी मिळत नाही, लिंबू मिळत नाही, जखमी वाहून नेण्यास बोट मिळत नाही, तिची कमतरता गाठोड्यांनी भरून निघण्यासारखी नव्हती. ती भरून काढणे हे सरकारचे देणे होते, आणि सरकारने काटकसर केली होती. हे आमचे मत नव्हे. १९१६ साली व्हिन्सेंट-बिंगली समितीने आणि १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालाने हेच दाखवून दिले. मेजर कार्टर यांची साक्ष त्या अहवालात छापली गेली. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. रुग्णनौका आल्या, रूळ टाकले गेले, शिध्यात सुधारणा झाली. त्याच वर्षी हिंदी शिपायाला सर्वत्र मोफत शिधा मिळू लागला. त्याआधी छावणीत असताना तो आपल्या ११ रुपयांतून पोट भरीत असे! जे हजार गाठोड्यांनी झाले नाही, ते एका माणसाच्या तक्रारीने आणि एका अहवालाने पुष्कळसे झाले. म्हणून गाठोडी बांधूच नयेत असे नाही. गाठोडे बांधणाऱ्याने तक्रार करणाऱ्याच्या पाठीशीही उभे राहावे, एवढाच याचा अर्थ.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली. १९२९ साली जिनीव्हा येथे युद्धकैद्यांविषयी करार झाला. कैद्याला अन्नाची आणि कपड्यांची पार्सले घेता येतील, ती ज्याच्या नावची त्याच्या हाती पडतील आणि तो पावती देईल, असे कलम त्यात आले. अशा पार्सलांना टपालखर्चही माफ झाला. कालपर्यंत जी दया होती, तिचा येथे हक्क झाला. दात्याच्या मर्जीवर असलेली गोष्ट कागदावर आली की तिचे स्वरूप कसे पालटते, हे कामगारांच्या सभेत आम्हांला रोज सांगावे लागते. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धात या कलमाची कसोटी लागली. १९३९ च्या डिसेंबरात लंडनच्या इंडिया हाउसमध्ये 'इंडियन कम्फर्ट्स फंड' सुरू झाला. आफ्रिकेतल्या लढायांत पकडलेले हिंदी सैनिक इटलीत आणि जर्मनीत कैदेत होते. इटलीतल्या अवेझानो येथे तर हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. त्यांना गोऱ्या कैद्यांसारखे डबाबंद गोमांस पाठवून कसे चालेल? म्हणून या निधीने निराळी पार्सले तयार केली. त्यांत आटा, डाळ, तूप आणि मसाला असे. स्त्रिया रांगेने बसून ती भरीत. युद्ध संपेपर्यंत अशी सोळा लाखांवर पार्सले रेडक्रॉसमार्फत रवाना झाली. तारेच्या कुंपणाआड डाळीला फोडणी बसली तेव्हा त्या माणसांना काय वाटले असेल, ते आम्ही वर्णन करीत नाही. ज्याने परगावी खाणावळीत दिवस काढले आहेत, त्याला ते सांगायला नको.

जेथे कलमाची सत्ता चालली नाही, तेथे काय झाले, तेही पाहावे. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिक जपानच्या कैदेत गेले. जपानने १९२९ च्या करारावर सही केली होती, पण त्याला अंतिम मान्यता दिली नव्हती. तिकडे पार्सले क्वचितच पोचली. न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर मजुरीला नेलेले कित्येक कैदी उपासमारीने आणि रोगाने गेले. दोन्हीकडे माणसे तीच होती आणि पाठवणाऱ्यांची इच्छाही तीच. फरक होता तो बंधन मानण्या-न मानण्याचा.

इंडियन कम्फर्ट्स फंडाने आणखी एक चांगली गोष्ट केली. ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांनाही त्याने आपल्या यादीत घेतले. १९१४ च्या यादीतल्या पखालवाल्याच्या मानाने हे पाऊल पुढचेच. या खलाशांत आपले कोकणी दर्यावर्दी होते, गोव्याचे खानसामे आणि बटलर होते, आणि सिल्हेट, नौखाली, चितगावकडचे बंगाली तर मोठ्या संख्येने होते. पण येथेही हिशेबाची वही उघडली पाहिजे. युद्ध सुरू होताच, १९३९ च्या शरद ऋतूत, याच खलाशांनी पाणसुरुंगांनी भरलेल्या समुद्रात जुन्या पगारावर जाण्यास नकार दिला. इंग्लंडच्या बंदरांत संप झाले. कित्येक खलाशांना तुरुंगात टाकण्यात आले. शेवटी पगारवाढ मिळाली, ती लोकरीच्या मोज्यांनी नव्हे, तर त्यांच्या एकजुटीने.

आणि १९४३ साल आठवा. त्या वर्षी बंगालात दुष्काळ पडला आणि वीस ते तीस लाख माणसे मेली. नौखाली आणि चितगाव हे भाग त्यात भरडले गेले. लंडनच्या धक्क्यावर ज्या खलाशाच्या हाती गरम कपड्यांचे गाठोडे पडले, त्याच्या घरी चूल पेटत होती की नाही, हे त्याला माहीत नव्हते. निधीच्या प्रमुख होत्या श्रीमती ॲमरी, आणि त्यांचे पती लिओ ॲमरी हे भारतमंत्री. पत्नीच्या कचेरीतून पार्सले वेळेवर सुटत होती. पतीने धान्याच्या जहाजांची मागणी लंडनच्या मंत्रिमंडळापुढे मांडली, पण पुरेशी जहाजे सुटली नाहीत. कोणा एका व्यक्तीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी हे आम्ही सांगत नाही. मायेची व्यवस्था चोख आणि कर्तव्याची व्यवस्था ढिली, असे एकाच घरात कसे घडते, ते दिसावे म्हणून सांगतो.

आज ज्याला सर्रास 'केअर पॅकेज' म्हणतात, त्या नावाचा जन्म युद्धानंतरचा. १९४५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या बावीस संस्थांनी मिळून 'केअर' नावाची संघटना काढली. त्यांत धर्मसंस्था होत्या, सहकारी संस्था होत्या, आणि सांगावयास आनंद वाटतो, कामगार संघटनांच्या मदत समित्याही होत्या. लष्कराकडे दहा शिपायांना एक दिवस पुरेल अशा शिध्याची शिल्लक खोकी पडून होती. ती विकत घेऊन, दहा डॉलरला एक याप्रमाणे, युरोपातल्या उपाशी घरांना पाठवावयाची, अशी ती योजना. १९४६ च्या मे महिन्यात पहिली खोकी फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली. खोके मिळाल्याची सहीची पावती पाठवणाऱ्याला परत येत असे. म्हणजे शिपायासाठी बांधलेली शिदोरी नागरिकाच्या घरी गेली आणि पुढे तेच नाव नागरिकांनी शिपायाला पाठवलेल्या पेटीला चिकटले.

१९४९ साली जिनीव्हाचा करार नव्याने लिहिला गेला. त्यात युद्धकैद्यांच्या पार्सलांचे कलम पुन्हा आले आणि त्याला एक वाक्य जोडले गेले. त्याचा आशय असा की, बाहेरून पार्सले येतात म्हणून कैद्यांना पोसण्याच्या आपल्या जबाबदारीतून कोणतेही सरकार सुटत नाही. हे वाचले त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटून ठेवले. १९८२ साली चाळीच्या खोलीत पोत्याशेजारी उभे राहून एका गिरणी कामगाराने आपल्या मुलाला जे सांगितले होते, तेच जगातल्या राष्ट्रांनी, दोन महायुद्धांनंतर, कराराच्या भाषेत लिहून ठेवले होते. माया ती माया, आणि देणे ते देणे.

स्वतंत्र भारताचे सैनिकही समुद्रापलीकडे गेले आहेत. कोरिया, गाझा, काँगो येथे ते शांतिरक्षणासाठी गेले, श्रीलंकेत गेले. त्यांच्यामागून घरची पत्रे गेली, फराळाचे डबे गेले, राख्या गेल्या. दिवाळीच्या आधी टपाल कचेरीत परदेशी मुलाला चकल्या पाठवणाऱ्या आईवडिलांची रांग आपण पाहतो. त्या रांगेत जवानाची आई उभी असेल तर तिला कोणी पुढे जागा देईल, याविषयी आम्हांला शंका नाही. आपल्या लोकांत माया कमी नाही.

म्हणून आज घरी जाताना एवढेच सोबत न्यावे. पुन्हा केव्हा आपल्या शाळेने, मंडळाने किंवा संघटनेने जवानांसाठी पेट्या भरावयास घेतल्या, तर त्या जरूर भराव्यात, आणि ज्याला पाठवावयाच्या त्याच्या आवडीचे विचारून भराव्यात. मात्र यादी करताना तळावरचा स्वयंपाकी, सफाईवाला, गाडीवान, हमाल यांची नावे तीत आली की नाहीत, हे एकाने उठून विचारावे. आणि पेटी बंद करण्यापूर्वी आणखी एक विचारावे, की जी वस्तू आपण मायेने घालतो आहोत, ती त्याला सरकारकडून मिळावयाचीच होती काय? तसे असेल तर पेटी तर पाठवावीच, पण त्याच टपालाने सरकारला एक अर्जही पाठवावा. आमच्या आईने त्या वर्षी ज्वारीचे पोते रिकामे झाल्यावर ते धुऊन, घडी घालून गावी परत पाठवले होते. आत एक चिठ्ठी होती: पोचले, पोटभर जेवलो, संप चालू आहे.